मोडेम आणि मोडी

२००३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा मोठा पाऊस झाला. त्या रात्री वीज आमच्या घरावर पडली नाही. ती बरीच लांब, खाडीच्या बाजूला कुठेतरी पडली. पण टेलिफोनची तार असले अंतर मोजत नाही. पडवीतला फोन एकदा विचित्र किणकिणला आणि गप्प झाला. सकाळी फोन चालू होता. माजघरातला संगणक मात्र विंडोजपर्यंत पोचेना.

या लेखाचा विषय तो संगणक आणि त्यातले मोडेमचे कार्ड हा आहे. वाङ्मयीन दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. मला स्वतःला तसे बरीच वर्षे वाटत होते, म्हणून हे लिहायला वीस वर्षे लागली. माझे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतचे. वेळणेश्वरला थोडे आगर, आणि त्या काळी जोडधंदा म्हणून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, देवस्थानांची पत्रके यांची अक्षरजुळणी. संगणकाचे शिक्षण मी कोणाकडून घेतले नाही. जे बिघडले ते दुरुस्त करता करता जेवढे कळले तेवढे कळले. या लेखातले ज्ञानही त्याच जातीचे आहे.

आधी प्रसंग काय होता ते सांगतो. वेळणेश्वर हे अनेक घराण्यांचे कुलदैवत. परगावी, परदेशी गेलेली माणसे वर्षा-दोन वर्षांनी देवाला येतात. त्या वर्षी जानेवारीत आमच्या शेजारच्या अप्पांच्या चुलत घराण्यातली एक मुलगी अमेरिकेहून आली होती. बोलता बोलता तिने सांगितले, की तिच्या पणजोबांची एक वही त्यांच्याकडे आहे, पण ती मोडीत असल्याने घरात कोणालाच वाचता येत नाही. अप्पा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. मोडी वाचणारे आमच्या वाडीत ते एकटेच उरले होते. शिवाय ते हस्ताक्षर त्यांच्या लहानपणीच्या ओळखीचे. वही पाठवणे जोखमीचे, म्हणून तिने बेचाळीस पाने स्कॅन करून ईमेलने पाठवायची असे ठरले. वाडीत संगणक फक्त माझ्याकडे. म्हणून पत्ता माझा दिला.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. कागदावरचे त्यांना दिसत नसे. पडद्यावर अक्षर चौपट मोठे केले की दिसे. म्हणजे पाने माझ्या घरी, माझ्या पडद्यावर येणे भाग होते. पाने निघाली आणि त्याच आठवड्यात वीज कडाडली.

तारेवरचे बोलणे

मोडेम हा शब्द आता मुलांना माहीत नसतो. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले स्वर ती नेते. संगणकाजवळ स्वर नाहीत, आहे-नाहीचे अंक आहेत. त्या अंकांचे स्वर करून तारेवर सोडायचे आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा अंक करायचे, हे काम करणारे यंत्र म्हणजे मोडेम. फोन लावताना येणारी ती किरकिर, मग चीत्कार, मग खरखर हे दोन मोडेमांचे एकमेकांशी ठरवणे असे: तू किती वेगाने बोलतोस, मी किती वेगाने ऐकू?

१९६२ सालचा बेल कंपनीचा मोडेम सेकंदाला ३०० अंक पाठवी. १९८१मध्ये हेस या अमेरिकी कंपनीने स्मार्टमोडेम काढला. त्याला संगणकाकडून साध्या अक्षरांत हुकूम देता येत. प्रत्येक हुकमाची सुरुवात 'एटी' या दोन अक्षरांनी. ती 'अटेन्शन' या शब्दाची. 'एटी' म्हटले की मोडेमने 'ओके' म्हणायचे. ही रीत इतकी रुजली, की पुढे सगळ्याच कंपन्यांनी ती उचलली. १९९८मध्ये सेकंदाला ५६ हजार अंकांचा मानदंड आला, आणि तारेवरच्या आवाजाच्या पट्ट्यातून याहून फारसे पुढे जाता येणार नाही हेही तेव्हा ठरून गेले.

आपल्याकडे या तारेची सुरुवात मुंबईत झाली. एर्नेट प्रकल्पाच्या आरंभी, १९८६-८७च्या सुमारास, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ईमेलची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. वेळणेश्वरच्या माजघरात ते यायला आणखी काही वर्षे गेली.

एका घरात दोन बिऱ्हाडे

माझ्या संगणकावर दोन प्रणाली होत्या. अक्षरजुळणीची कामे विंडोज ९८वर चालत. दुसरी लिनक्स, रेड हॅट ९. लिनक्सचा नाद मला मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींनी लावला. 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९६पासून लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली होती. त्यामागे मुख्य खटपट बंगळुरूचे अतुल चिटणीस यांची. त्याआधी तिथेच त्यांनी मोडेमवरून चालणारा सीआयएक्स हा संगणकी फलक चालवला होता. २०१३मध्ये ते वारले. मराठी आडनावाच्या या माणसाने देशभरातल्या माझ्यासारख्या किती आडगावच्या लोकांना रात्र रात्र जागवले, याची नोंद मराठीत फारशी झालेली नाही.

नादापलीकडे एक कारणही होते. विंडोज ९८मध्ये मराठी अक्षरजुळणी म्हणजे सोंग होते. आत इंग्रजी अक्षरे ठेवायची आणि वर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवायचा. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांचा ढीग. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला १९९१पासून स्वतःचा क्रमांक होता, पण विंडोज ९८ला तो धड मांडता येत नसे. लिनक्सवर युडिट नावाच्या संपादकात तो मांडता येई. एनसीएसटीतले सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या वळणाचा राघू फॉन्टही मोकळा मिळत होता. अप्पा वाचतील ते मी युनिकोडमध्ये उतरवणार होतो. म्हणून पोटासाठी विंडोज आणि वहीसाठी लिनक्स.

विजेच्या रात्रीनंतर विंडोज नव्याने बसवावे लागले. दोन बिऱ्हाडांच्या घरात याची पहिली खोच इथे आहे. संगणक सुरू होताना डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एक छोटी सूचना वाचतो: कोणती प्रणाली कुठून उचलायची. विंडोज नव्याने बसवले की ते ही जागा विचारल्याशिवाय स्वतःच्या नावावर करते. लिनक्स डिस्कवर शाबूत असते, फक्त दारावरची पाटी गेलेली असते. लिनक्स बसवताना सुरुवातीची एक फ्लॉपी करून ठेवली होती. तिने आत शिरून पाटी पुन्हा लावली. दोन्ही प्रणाली सुरू झाल्या. दोघींनाही मोडेम ओळखता येईना.

नसणे, न दिसणे, न ओळखणे

'मोडेम सापडत नाही' हे वाक्य आपण एका दमात म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. कार्ड खरोखर मेलेले असेल. कार्ड जिवंत असेल, पण संगणकाच्या मुख्य पाटीला दिसत नसेल. दिसत असेल, पण प्रणालीला त्याच्याशी बोलायची भाषा येत नसेल. किंवा भाषाही येत असेल, पण कार्डाचे तारेशी जमत नसेल. या पायऱ्या खालून वर चढायच्या असतात. मी अर्थातच वरून सुरुवात केली आणि चार दिवस घालवले.

विंडोज म्हणे, एक 'पीसीआय कम्युनिकेशन डिव्हाइस' आहे. आणि त्यापुढे पिवळे प्रश्नचिन्ह. म्हणजे पाहुणा दारात उभा आहे, नाव सांगता येत नाही. ओळख करून देणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ज्या सीडीवर होते ती मी काढली. दोन पावसाळ्यांत तिच्यावर बुरशीची नक्षी उमटली होती. कोकणात पुस्तकांना वाळवी लागते हे सर्वांना ठाऊक असते. सीडीला बुरशी लागते हे मला त्या दिवशी कळले. ड्रायव्हर इंटरनेटवर होता. इंटरनेटसाठी मोडेम हवा होता. मोडेमसाठी ड्रायव्हर हवा होता.

मग लिनक्समध्ये जाऊन 'एलएसपीसीआय' हा हुकूम दिला. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या पीसीआय पद्धतीत प्रत्येक कार्डाच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात, एक ते बनवणाऱ्याचा आणि एक त्या वस्तूचा. संगणक सुरू होताना प्रत्येक खाचेला विचारतो, 'कोण आहे?' आणि कार्ड हे क्रमांक सांगते. त्यासाठी ड्रायव्हर लागत नाही. माझ्या कार्डाने सांगितले: '११सी१' आणि '०४४८'. ल्यूसेंटची चिप, विनमोडेम ५६के.

दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, कार्ड बोलते आहे. निदान संगणकाकडची बाजू विजेतून वाचली आहे. दुसरी, हा विनमोडेम आहे.

विनमोडेम म्हणजे निम्मा मोडेम. हेसच्या काळात स्वरांचे अंक करण्याची सगळी बुद्धी मोडेमच्या स्वतःच्या पेटीत असे. पुढे संगणकाचे प्रोसेसर वेगवान झाले. निर्मात्यांनी विचार केला, की ही बुद्धी संगणकाच्याच प्रोसेसरकडून उसनी घेऊ आणि कार्डावर फक्त तारेला टेकणारा भाग ठेवू. कार्ड स्वस्त झाले. पण उसनी बुद्धी आली विंडोजसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून, आणि तो कसा चालतो हे बहुतेक कंपन्यांनी गुपित ठेवले. लिनक्सच्या दृष्टीने असे कार्ड म्हणजे घरात असलेले, पण कोणालाच वाचता न येणारे दप्तर.

मी हे अप्पांना समजावून सांगत होतो. ते रोज संध्याकाळी काठी टेकत येत आणि ओटीवर बसत.

"काय रे, आलं का तुझं टपाल?"

"नाही अप्पा. पेटी दिसते, पण तिची भाषा कळत नाही."

"म्हणजे तिथेही मोडीच म्हणायची."

फसवे पत्ते

ज्या चुकांत माझे दिवस गेले त्या थोडक्यात सांगतो. कारण त्या सर्वांच्याच होत.

जुन्या संगणकात बाहेरची यंत्रे जोडायला सिरियल पोर्ट असत. विंडोज त्यांना कॉम१, कॉम२ म्हणते. लिनक्स शून्यापासून मोजते. तिथे कॉम१ म्हणजे टीटीवायएस०. म्हणून विंडोजमध्ये मोडेम पूर्वी कॉम३वर होता, तर लिनक्समध्ये तो टीटीवायएस२वर असेल असा सरळ हिशोब मी केला. खऱ्या सिरियल मोडेमसाठी तो बरोबर असतो. विनमोडेमचा कॉम३ हा मात्र खरा दरवाजाच नव्हे; ड्रायव्हरने भिंतीवर काढलेले दाराचे चित्र असते. ड्रायव्हर गेला की चित्रही गेले. टीटीवायएस२वर मी तासन्‌तास 'एटी' म्हणत होतो. उत्तर येणार कुठून?

दुसरी चूक बायोसमधली. तिथे 'प्लग अँड प्ले प्रणाली बसवली आहे का' असा एक प्रश्न असतो. 'होय' म्हटले, की बायोस काही कार्डांना संसाधने वाटायचे काम प्रणालीवर सोडून देते. विंडोज ९८ ते करून घेते. त्या वेळच्या लिनक्सला ते प्रत्येक वेळी जमत नसे, आणि कार्ड दिसूनही त्याला हाक मारायची घंटा जोडलेली नसे. दोन प्रणाली असतील तर उत्तर 'नाही' ठेवावे. विंडोजचे त्याने अडत नाही. मी ते बदलल्यावर कार्डापुढच्या घंटेचा क्रमांक शून्यावरून अकरावर गेला.

तिसरी गोष्ट पुराव्याची आहे. विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये गेलो, तर कार्ड काही वेळा विंडोजने ज्या अवस्थेत सोडले त्याच अवस्थेत असते. वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले तरच ते कोऱ्या मनाने उत्तर देते. दोन साक्षीदारांची साक्ष घ्यायची तर पहिल्याने दुसऱ्याला पढवता कामा नये. तेव्हापासून मी प्रत्येक तपासणीआधी पिन काढून अर्धा मिनिट थांबू लागलो.

चिपळूणची फेरी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका कागदावर ते आठ अंकाक्षरांचे दोन क्रमांक लिहून, डबाभर फ्लॉप्या घेऊन एसटीने चिपळूणला गेलो. सायबर कॅफेत तो क्रमांक टाकल्यावर पाच मिनिटांत विंडोजचा ड्रायव्हर सापडला. कार्डावर छापलेले नाव विकणाऱ्याचे होते आणि त्याने मला दहा ठिकाणी हिंडवले असते. पोटातल्या क्रमांकाने थेट पोचवले. वाचकांपैकी कोणाला कधी अनोळखी यंत्राशी गाठ पडली, तर वेष्टनावरचे नाव सोडून पोटातला क्रमांक शोधावा.

लिनक्ससाठीही तजवीज निघाली. ल्यूसेंटने आपल्या ड्रायव्हरचा गाभा यंत्रभाषेत दिला होता, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्याभोवती मोकळे वेष्टन लिहिले होते. कोणत्या चिपसाठी कोणता मार्ग, याची यादी लिनमोडेम नावाच्या गटाने राखली होती. हा ड्रायव्हर तयार मिळत नसे. आपल्या लिनक्सच्या गाभ्याशी जुळवून स्वतः बांधावा लागे. गाभ्याच्या आवृत्तीत एका आकड्याचा फरक पडला तरी तो चिकटत नाही.

त्याच बैठकीत टपालपेटी उघडली. त्या काळी फुकटच्या पेटीत दोन-चार एमबी जागा असे, म्हणून ती मुलगी दहा दहा पाने पाठवणार होती. एका फ्लॉपीत पाच पाने बसली. ती घेऊन रात्री घरी आलो. अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. पडद्यावर पहिले पान मोठे केले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट न टेकवता, हवेत फिरवत वाचू लागले. नारळांचा हिशोब, सुपारीचा भाव, आगबोटीचे भाडे. पाचव्या पानावर १९१८ सालची मानमोडीची साथ आली आणि घरातल्या माणसांची एकेक नावे. चौथ्या नावाशी ते थांबले. ती त्यांची थोरली बहीण. ते जन्मायच्या आधी गेलेली. तिचे नाव त्यांना ठाऊक होते. तिथी ठाऊक नव्हती.

"पुढचं पान?"

"ते पेटीत आहे, अप्पा."

दोन साक्षी जुळतात तेव्हा

विंडोजमध्ये ड्रायव्हर घातला. पिवळे प्रश्नचिन्ह गेले, कॉम३ आला, चाचणीत 'एटी'ला 'ओके' मिळाले. मी फोन लावायला सांगितले. उत्तर आले: 'नो डायलटोन'. तारेवर सूर ऐकू येत नाही.

लिनक्समध्ये ड्रायव्हर बांधायला दोन रात्री गेल्या. गाभ्याचा मूळ मजकूर सीडीवर होता, पण बसवलेला नव्हता. अखेर टीटीवायएलटी० नावाचा नवा दरवाजा तयार झाला. 'एटी', 'ओके'. फोन लावला. 'नो डायलटोन'.

त्या रात्री मी खूप चिडलो. सकाळी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की मला मिळालेला हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या त्या कामाविषयी मी वाचले होते. दोन पोथ्यांत वेगवेगळ्या चुका असतील, तर त्या आपापल्या लेखकांच्या. दोन्हींत हुबेहूब तीच चूक असेल, तर ती दोघांनी ज्या पोथीवरून नक्कल केली तिच्यातली. विंडोज आणि लिनक्स यांचे ड्रायव्हर वेगळे, दरवाजे वेगळे, स्वभाव वेगळे. दोघेही नेमके तेच म्हणत असतील, तर दोष त्या दोघांच्या खाली असलेल्या समाईक वस्तूंत आहे: कार्ड, वायर किंवा तार.

तिथून पुढे तासाभराचे काम. वायर कार्डातून काढून थेट फोनला लावली, फोन चालला. म्हणजे तार आणि वायर ठीक. कार्डावर दोन भोके असतात, एक तारेचे आणि एक फोनचे. वायर बरोबर भोकात होती. भारतातला डायलटोन काही परदेशी मोडेमांना ओळखता येत नाही, त्यासाठी 'एटीएक्स३' हा हुकूम आहे: सुराची वाट पाहू नको, सरळ नंबर फिरव. तो दिला आणि पडवीतला समांतर फोन उचलून कानाला लावला. मोडेमने नंबर फिरवला असता, तर त्याचे टुंगटुंग सूर ऐकू यायला हवे होते. कानात अखंड डायलटोन वाजत राहिला. कार्ड आपल्या समजुतीने बोलत होते. तारेपर्यंत काही पोचत नव्हते.

वीज तारेने आली होती. तारेला टेकणारा कार्डाचा भाग तिने जाळला होता आणि संगणकाकडचा भाग तसाच ठेवला होता. कार्ड दिसत होते, नाव सांगत होते, हुकमाला 'ओके' म्हणत होते, आणि एक शब्दही बाहेर नेऊ शकत नव्हते. महिनाभर मी त्याची ओळख पटवत होतो. ओळख पटली तेव्हा निदान कशाने मेले ते समजले.

स्वतःची बुद्धी असलेली पेटी

नवे कार्ड स्वस्तात मिळाले असते. पण मी लग्नपत्रिकांचे पैसे घालून बाहेरचा सिरियल मोडेम मागवला. किंमत कार्डाच्या कितीतरी पट. नारळी पौर्णिमेच्या आसपास तो आला. हेसच्या वंशातला, सगळी बुद्धी स्वतःच्या पेटीत असलेला. मागच्या सिरियल पोर्टला लावला. विंडोजमध्ये कॉम१, लिनक्समध्ये टीटीवायएस०. दोन्हीकडे 'एटी' आणि दोन्हीकडे 'ओके'. वेगळा ड्रायव्हर बांधावा लागला नाही. ज्याला आपली भाषा स्वतः बोलता येते त्याला दुभाष्या लागत नाही.

आमच्या तारेवर सेकंदाला तीन किलोबाइट येत. बेचाळीस पाने, ईमेलसाठी बांधताना आकार तिसऱ्या हिश्श्याने फुगतो तो धरून, तार न तुटता सव्वा तासाचे काम. पावसात तार तुटायचीच. पाच हप्त्यांत, आठ रात्रींत सगळी पाने आली. काम झाले की मी वायर भिंतीतून काढून ठेवत असे. आजही पाहुणे विचारतात, की आभाळ भरले की हा माणूस घरभर फिरून पिना का काढतो.

पुढे यूएसबीचे मोडेम आले तेव्हा हीच गोष्ट नव्या वेषात भेटली. ती कांडी लावली की लिनक्सला मोडेम न दिसता सीडी दिसे. आपलाच ड्रायव्हर आधी वाचायला मिळावा म्हणून ती सीडीचे सोंग घेऊन येई. 'मोडस्विच' नावाचा कार्यक्रम तिला सोंग टाकायला सांगे. मग तिचा पोटातला क्रमांक बदलून ती मोडेम होई. तिथेही मी आधी क्रमांक वाचला, मग पुढे गेलो.

उरलेली अकरा पाने

भाद्रपदापासून अप्पा रोज वाचत आणि मी उतरवत असे. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरे टांगत जातो. शब्द कुठे संपला ते दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. संदर्भ ठाऊक नसेल तर एकच जुळणी दोन-तीन प्रकारे वाचता येते. अप्पा अडले, की डोळे मिटून तो माणूस काय लिहील याचा विचार करीत आणि मग वाचीत. दिवाळीपर्यंत एकतीस पाने झाली. मग थंडीत त्यांचे येणे थांबले. २००४च्या महाशिवरात्रीआधी ते गेले.

अकरा पाने राहिली. ती वाचणारे वाडीत आता कोणी नव्हते. माझ्याजवळ मात्र एकतीस पाने होती, डावीकडे मोडी आणि उजवीकडे अप्पांचे वाचन. निर्मात्याचे कागद हाती नसताना लिनक्सवाल्या मंडळींनी कितीतरी यंत्रांचे ड्रायव्हर असेच लिहिले आहेत. एका बाजूने काय गेले, दुसऱ्या बाजूने काय आले, याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांतून मधला नियम काढायचा. मी तेच केले. दोन वर्षे लागली. अकरा पाने वाचून झाली तेव्हा मला मोडी येत होती. अप्पांच्या वाचनात दोन जागी मला वेगळे वाचन सुचते. ते मी तळटीपेत दिले आहे, त्यांचे वाचन बदललेले नाही.

जून २०१४मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. तिच्या प्रत्येक अक्षराला आता क्रमांक आहे. ही मोठी गोष्ट आहे, पण क्रमांक म्हणजे वाचन नव्हे. पीसीआयच्या खाचेतले कार्डही क्रमांक सांगते. संग्रहालयांत, देवस्थानांत, घरोघरच्या पेट्यांत मोडी दप्तरे पडून आहेत. ती दिसतात, मोजता येतात, स्कॅन करता येतात. त्यांच्यापुढचे पिवळे प्रश्नचिन्ह काढायला वाचणारा माणूस लागतो, आणि तो माणूस कसा वाचतो हे त्याच्या हयातीतच कोणीतरी उतरवून घ्यावे लागते.

गेल्या महिन्यात जुनी डिस्क तपासली. विंडोजवर केलेल्या लग्नपत्रिकांच्या फायली उघडतात, पण तो फॉन्ट आता नाही. पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात. कोणाचे लग्न कोणाशी लागले ते वाचता येत नाही. २००३ साली युडिटमध्ये उतरवलेली वही मात्र नव्या संगणकावर, काहीही न बसवता, जशीच्या तशी उघडली. पाचव्या पानावर अप्पांच्या बहिणीचे नाव आणि तिथी आहे. अमेरिकेतल्या त्या मुलीला आता स्वतःची मुले आहेत. तिने मागितली म्हणून फाइल पाठवली. एका सेकंदात गेली.